सटवाजी चोपदारांचं पाचवं पेव

देवासच्या शाळेत तिसरा मास्तर म्हणून मी रुजू झालो तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी एका गल्लीत मला दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच सकाळी अंगणात उभा राहून दात घासत होतो. शेजारच्या दारात एक दूधवाली शिरत होती. तेवढ्यात असा काही आवाज उठला की माझ्या तळहातावरची राखुंडी उडाली.

“निगाह रखोऽऽ! राजोद्याच्या गंगाबाई, दुधाची चरवी घेऊन, तशरीफ लाते हैंऽऽ!”

दूधवाली जराही दचकली नाही. “दादा, जरा धीरे बोला. म्हारी भैंस तिकडे राजोद्याला बिचकते,” एवढं म्हणून तिनं चरवी खाली ठेवली.

ते सटवाजी चोपदार. पन्नाशी उलटलेले, उंच, काटकुळे, गालफडं बसलेली. एवढ्याशा छातीत तो आवाज कुठे मावत होता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं गाव त्यांना अहो-जाहो करायचं. त्या आवाजाला ‘अरे’ म्हणायची छाती कुणाची होणार?

ते मूळचे सेमलगढ संस्थानाचे. धारहून बागेकडे जाणाऱ्या वाटेवर हे चिमुकलं संस्थान होतं. एकवीस गावं, एक गढी आणि एक हत्ती. तो हत्तीही म्हातारा. तिथल्या बापूसाहेब महाराजांना इंग्रजांच्या एजन्सीनं गादीवरून उतरवलं आणि काशीला धाडलं. दोन वर्षांत ते तिथेच वारले. पदरची माणसं पांगली. काही धारला थांबली, बरीचशी देवासला आली, कारण इथे एका गावात दोन राजे. थोरल्या पातीनं नाही म्हटलं तर धाकटी आहेच, असा त्यांचा हिशेब. पण दोन्ही दरबारांत चोपदार आधीच भरलेले होते. दोन राजांच्या गावात येऊनही सटवाजींना एकसुद्धा राजा मिळाला नाही. अखेर ते वाचनालयाचे शिपाई झाले.

वाचनालयाला असा शिपाई बहुधा कुठेच लाभला नसेल. दारात पाटी होती, ‘शांतता राखावी.’ तिच्या खाली उभे राहून ते येणाऱ्या प्रत्येक सभासदाची ललकारी द्यायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, “अंकगणिताचे स्वामी, त्रैराशिकाचे काळ, तिसरे मास्तरऽऽ!” दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळलो की मागून कुणीतरी हळूच ‘त्रैराशिकाचे काळ’ म्हणायचं. पुढली पाच वर्षं ते चाललं.

पण एक गोष्ट थोड्या दिवसांत माझ्या ध्यानात आली. हा मोठा आवाज ते फक्त दुसऱ्याच्या नावासाठी वापरायचे. स्वतःचं काही बोलायचं असलं की इतक्या बारीक आवाजात बोलत की कान पुढे करावा लागे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “मोठा आवाज सरकारचा, मास्तर. त्याला पगार मिळत होता. बारका माझा.”

चालताना ते कायम तीन पावलं पुढे असायचे. पन्नास पिढ्यांची सवय असल्यासारखे. शुक्रवारच्या बाजारात बायकोला, पारूबाईंना, घेऊन निघाले की हे पुढे, त्या मागे. एकदा पारूबाई बांगडीवाल्यापाशी थांबल्या आणि हे तसेच “बाजू, बाजू” करत पार तलावापर्यंत गेले. लोक मुकाट्यानं वाट देत होते. मागे वळून बघतात तर वाट सगळी मोकळी, आणि तीमधून एक कुत्रं डौलात येत होतं. पारूबाई ही हकिकत मला सांगायच्या तेव्हा त्यांचं हसणं आवरायचं नाही. त्या सतवासकडच्या शेतकऱ्याच्या लेक. गोल, ठेंगण्या, आणि सटवाजींच्या आवाजाच्या शेजारी तीस वर्षं काढूनही कान शाबूत असलेल्या.

राजदंड मात्र गेला होता. चांदीचा चोप संस्थान सोडताना जमा करावा लागला. तरी उजव्या हाताची मूठ अर्धवट मिटलेलीच असायची, जेवतानासुद्धा. पारूबाई त्या मुठीत भाकरी खोचायच्या.

वाचनालयाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, सभा भरायची. वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचून व्हायची, रूस-जपान होऊन जायचं आणि मग न चुकता गाडी सेमलगढवर यायची. बापूसाहेब महाराज शहाणे होते की वेडे? सेमलगढात हा प्रश्न उच्चारायची सोय नव्हती. धारमध्ये लोक जपून बोलायचे, सोयरसंबंध होते. देवासात मात्र मुक्तद्वार. त्यातून आमच्या वाचनालयासमोरचा रस्ता म्हणजे दोन पातींची शीव. वाद फार चढला आणि या बाजूचा पोलीस शिपाई काठी आपटत आला की सगळी सभा रस्ता ओलांडून पलीकडच्या ओट्यावर जाऊन बसायची. वाद तिथून पुढे चालू. शिपाई इकडे उभा राहून ऐकायचा.

महाराजांच्या विरुद्ध पक्ष त्रिंबकराव वकिलांचा. हे एके काळी सेमलगढच्याच न्यायकचेरीत होते. बुद्धी तल्लख, नाकावर चष्मा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘पुरावा?’ महाराजांचा पक्ष एकट्या सटवाजींचा. त्यांना शिपाई म्हणून ओट्यावर बसता येत नसे. दारात उभे राहूनच लढायचे.

“तुमचे महाराज साहेबाची बग्गी अडवतात, सटवाजी! एजन्सीचा साहेब भर उन्हात ताटकळला. हे राजकारण?”

“छिप्यांची, कापड छापणाऱ्यांची, वरात चालली होती, वकीलसाहेब,” सटवाजी बारीक आवाजात सांगायचे. “बागेच्या वाटेला पूल अरुंद. नवरी घोड्यावरून उतरून बाजूला होईल का? महाराज म्हणाले, साहेब रोज येतो, नवरी एकदाच येते. आम्ही पण थांबलो की. महाराज स्वतः धुळीत उभे. वरातीनं जाता जाता महाराजांच्या हातावर बुंदी ठेवली.”

“आणि साहेबाच्या?”

“त्यांनाही ठेवली. त्यांनी खाल्ली नाही, त्याला महाराज काय करणार?”

ओट्यावर हशा पिकायचा. त्रिंबकराव सुद्धा हसायचे, पण मग चष्मा पुसून ते शेवटचा डाव टाकायचे. पाचवं पेव.

पेव म्हणजे जमिनीत विहिरीसारखं खणलेलं धान्याचं कोठार. आतून लिंपायचं, ज्वारी भरायची आणि वरून तोंड बंद करून टाकायचं. सेमलगढच्या गढीत अशी पाच होती. संवत छप्पन्नच्या, म्हणजे छप्पन्याच्या, दुष्काळात माणसं झाडांच्या साली खात होती तेव्हा महाराजांनी पेवं उघडली आणि रयतेला ज्वारी वाटली. चार पेवं वाटली, त्याबद्दल कुणाचं म्हणणं नव्हतं. पण पाचवं राखून ठेवलेलं होतं, पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी. तेही त्यांनी वाटून टाकलं. पुढच्या वर्षी पाऊस आला आणि सेमलगढची निम्मी जमीन पडीक राहिली. वसूल बुडाला, साहेब आला, महाराज गेले.

“बी खाऊ घालणारा राजा!” त्रिंबकराव म्हणायचे. “पोटच्या पोराला उद्याचं काही ठेवलं नाही. दया वेगळी आणि अक्कल वेगळी. आता सांगा सटवाजी, काय उत्तर आहे?”

वरातीवर, हत्तीवर, महाराजांनी तलावात डुंबता डुंबता दिलेल्या निवाड्यांवर सटवाजी तासभर भांडत. पाचवं पेव निघालं की माठात पाणी आहे का बघायला आत जात. माठ भरलेलाच असे. मला वाटायचं, बिचारा इथे हरतो.

अशी तीन वर्षं गेली. आणि एक दिवस बातमी आली की एजन्सी सेमलगढची गादी महाराजांच्या चिरंजिवांना परत देणार. हे आबासाहेब. मुलगा तान्हा असल्यापासूनच राणीसाहेब त्याला घेऊन सोनकच्छजवळ माहेरी राहत होत्या. पोर मामाच्या शेतीवर वाढलं. आता वय बावीस. लिहिणं-वाचणं कामापुरतं, दरबार कधी पाहिलेला नाही. गादीवर बसायला दोन महिने होते आणि तेवढ्यात त्याला राजा करायचं होतं. देवासात त्यासाठी एक बंगला घेतला. हिशेब आणि पत्रलेखन शिकवायला मी, आणि दरबारी रीत शिकवायला, अर्थातच, सटवाजी.

आबासाहेब येणार त्या दिवशी बंगल्याच्या फाटकाशी हार-तुरे घेऊन आम्ही दहा-पंधराजण उभे होतो. सोनकच्छच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली. हाकणारा धोतर खोचलेला, डोक्याला मुंडासं, रापलेला गडी. एका कारकुनानं त्याला दरडावलं, “गाडी बाजूला घे. महाराज येताहेत.” त्यानं निमूटपणे गाडी बाजूला घेतली.

सटवाजी त्या गड्याकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी लागले. “मास्तर, कान बघा. बापूसाहेबांचे कान!” आणि मला काही उमगायच्या आत त्यांनी छाती भरून घेतली. कित्येक वर्षांनी खऱ्या राजाची ललकारी!

“निगाह रखोऽऽ! सेमलगढ-नरेशऽऽ...”

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. बैल उधळले. गाडी निघाली थेट बाजाराच्या दिशेला, आणि तिच्यामागे सेमलगढचे भावी नरेश “हो, हो, धीऱ्या, हो” करत धावत सुटले. त्यांच्यामागे हार घेतलेले कारकून. राजाचं पहिलं आगमन असं झालं. अर्ध्या तासानं आबासाहेब बैलांना चुचकारत परत आले. सटवाजी मान खाली घालून उभे होते. आबासाहेबांनी काय करावं? वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“सरकार!” सटवाजी दोन हात मागे उडाले. “चोपदाराच्या पाया पडायचं नाही!”

“पण तुम्ही दाजींच्या वेळचे,” आबासाहेब म्हणाले. वडिलांना ते मालवीत दाजी म्हणायचे.

शिकवणी सुरू झाली. माझा विषय कसाबसा चालला होता. पाटीवरची वजाबाकी चुकायची, पण बाजारातली धान्याची रास लांबून बघून किती मण आहे ते हा माणूस बरोबर सांगायचा. सटवाजींचे हाल पाहवत नव्हते. कुणी वडीलधारा खोलीत आला की राजा उठून उभा राहायचा.

“सरकार, उठायचं नाही.”

“म्हातारा माणूस आलाय ना, भिया.”

“आला तर येऊ द्या. आणि मला भिया, भाऊ असलं काही म्हणायचं नाही.”

“म्हारे नी जमे,” आबासाहेब हताश होऊन म्हणायचे. माझ्यानं जमत नाही. चालताना ते एकेक पाऊल उचलून, जोखून टाकायचे, ढेकळांतून चालावं तसे. सटवाजींनी चार दिवस ती चाल मोडायचा प्रयत्न केला. पाचव्या दिवशी मला म्हणाले, “राहू द्या मास्तर. चाल वाईट नाही. घाई नाही तिच्यात.”

दुपारी जेवणानंतर आबासाहेब एकच गोष्ट विचारायचे. दाजी कसे होते? सटवाजी सांगत बसायचे. महाराजांना वांग्याचं भरीत किती आवडायचं, हत्तीशी ते कोणत्या भाषेत बोलायचे, बुंदीची गोष्ट. पण आबासाहेबांचं समाधान होत नसे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर भिया, मामा म्हणतो दाजी देव होते. कारकून म्हणतात तेच, पण एकमेकांकडे बघून म्हणतात. साची गोष्ट म्हारे कुणीच सांगत नाही. तुमच्या वाचनालयात म्हणे भांडतात दाजींवरून. मला न्या.”

मी न्यायला नको होतं. पण नेलं.

त्या रविवारी दुपारी वाचनालयात मोठी सभा होती. गादी परत मिळणार म्हणून ओट्यावरच्या मंडळींना चेव आला होता. विषय, ‘सेमलगढचे माजी महाराज: स्तुत्य की निंद्य?’ अध्यक्ष आमचे हेडमास्तर. मी आबासाहेबांना मुंडाशातच शेवटच्या बाकावर बसवलं. कुणी ओळखलं नाही. सटवाजींना त्या दिवसापुरतं बोलायला आत बोलावलं होतं, पण ते दारापाशीच उभे राहिले.

त्रिंबकराव त्या दिवशी रंगात होते. वरात झाली, हत्ती झाला, आणि मग पाचवं पेव आलं. ते म्हणाले, “सज्जनहो, त्या राजाला मुलगा होता. तो आज उपरा होऊन गादीवर बसायला निघालाय. त्याला राज्याचं ओ का ठो माहीत नाही. दोष त्याचा नाही. ज्या बापानं रयतेचं बी उधळलं, त्यानं मुलाचंही उधळलं. मी म्हणतो, हा मूर्खपणा होता. आहे कुणाकडे उत्तर?”

शेवटच्या बाकावर आबासाहेबांनी मान खाली घातली. मी ते पाहिलं. सटवाजींनीही पाहिलं. कोपऱ्यातल्या माठाकडे त्यांची नजर गेली, पाऊलसुद्धा उचललं गेलं. पण मग ते वळले आणि सरळ हेडमास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“उत्तर आहे,” ते म्हणाले. आवाज बारीक होता. सगळं सभागृह पुढे झुकलं. “पाचवं पेव महाराजांनी उघडलं नाही. मी उघडलं.”

त्रिंबकरावांनी चष्मा काढला.

“महाराजांचा हुकूम होता चार पेवांचा. दिवाणजींनी मला दोनदा बजावलं. चारच. मी गढीच्या पायरीवर आलो. पटांगणात माणूसच माणूस. पहिल्या रांगेत एक म्हातारा होता. हाडं उरली होती नुसती. पण दरबारात आलोय म्हणून त्यानं पागोटं नीट बांधलं होतं. चांगलं पीळ देऊन. मी त्याच्याकडे बघितलं, चार म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून गेलं, पाचही. पाचही पेवं उघडली होऽऽ, असं. ललकारी एकदा गेली की परत येत नाही. माणसं धावली. दिवाणजी माझ्यावर धावले. वर सज्जात महाराज उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, चोपदार बोलला म्हणजे आम्हीच बोललो. उघडा.”

त्यांनी एकदा शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

“पुढं साहेबानं चौकशी केली. पाचवं कुणाच्या हुकमानं? महाराज म्हणाले, आमच्या. मी दारातच उभा होतो. माझं नाव निघालं असतं तर माझी नोकरी जाती. नाव निघालं नाही, म्हणून त्यांची गादी गेली. काशीला जाताना पालखीत बसले तेव्हा मी पाय धरले. म्हणाले, सटवाजी, घसा जप. बस्स. तेव्हा वकीलसाहेब, मूर्ख म्हणायचं तर मला म्हणा. नऊ वर्षं झाली. त्यांच्या मुलासमोर तरी मला खोटं उभं राहायचं नाही.”

सगळे मागे वळले. आबासाहेब उभे राहिले होते. त्रिंबकरावांचा चेहरा पांढरा पडला. ‘उपरा’ हा शब्द त्यांना आठवला असावा.

आबासाहेब रडतील, रागावतील, निघून जातील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या कपाळाला आठी होती, पण ती रागाची नव्हती. पाटीवरची वजाबाकी करताना पडायची तशीच.

“चोपदारदादा,” त्यांनी विचारलं, “त्या पाचव्या पेवात ज्वारी किती बरसातींची होती?”

“पाच पावसाळे झाले होते, सरकार.”

“मधे उघडलं नव्हतं?”

“कधीच नाही. राखीव होतं ना.”

“मग ती उगवली नसती.”

“काय?” त्रिंबकराव म्हणाले.

“पेवाची ज्वारी खायला ठीक. पेरायला नाही.” आबासाहेबांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “जमिनीत कोंडली की ती आतल्या आत तापते. पिवळी पडते, वास मारते. कोंब मरून जातो. पाच बरसाती? एक दाणा नसता उगवला. आमच्याकडे बी कणगीत ठेवतात, नाही तर कणसंच आढ्याला टांगतात. बियाण्याचं पेव म्हणून सांगितलं कुणी?”

“दिवाणजींनी. कागदोपत्री तशी नोंद होती,” सटवाजी म्हणाले.

“दिवाणजी कुठले?”

“पुण्याचे.”

“मग,” आबासाहेब म्हणाले, आणि त्यांना तेवढं पुरेसं वाटलं. “अन् पेरायला बैल तरी कुठे होते त्या साली? सगळे मेलेले. जमीन पडीक राहायची होती ती राहिलीच असती. तुम्ही ते उघडलं नसतं तर ज्वारी पण गेली असती अन् ते पागोटंवाले बाबा पण.”

इतकी वर्षं या ओट्यावर वकील, मास्तर, कारकून, माजी नाझर असे तीस-चाळीस शहाणे भांडत होते, आणि पेवातलं बी उगवतं का, हे एकालाही माहीत नव्हतं. माझ्यासकट.

त्रिंबकरावांनी खिंड लढवली. “पुरावा?”

“मूठभर ज्वारी आणा पेवातली. ओल्या फडक्यात बांधा. चार-पाच दिवसांनी बघा.”

हेडमास्तरांनी सभा तहकूब केली. दुसऱ्या दिवशी एका आडत्याच्या पेवातून त्रिंबकरावांनी स्वतः जुनी ज्वारी आणली, शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. रोज शाळा सुटली की निम्मं गाव ती बघायला यायचं. पाचव्या दिवशी वकिलांनी चष्मा पुसून दाणे मोजले. दोन उगवले होते. तेही रडतखडत.

“पक्ष मागे घेतो,” त्रिंबकराव म्हणाले. मग आबासाहेबांच्या बंगल्यावर जाऊन त्यांनी त्या ‘उपऱ्या’ शब्दाबद्दल हात जोडले. आबासाहेब त्यांना बघून, अर्थातच, उठून उभे राहिले.

आता सटवाजी आनंदानं नाचत असतील, असं मला वाटलं होतं. मी शेजारी गेलो तर ते भिंतीला टेकून रागावून बसलेले. “नऊ वर्षं, मास्तर! नऊ वर्षं मी हे छातीवर वागवलं. देवाला कौल लावले. शनिवार केले. आणि हा पोरगा म्हणतो, उगवलीच नसती! म्हणजे मी काही केलंच नाही?”

आतून पारूबाई परातीसकट बाहेर आल्या. त्यांचा अवतार मी तसा कधी पाहिला नव्हता. “नऊ वर्षं माझ्या हातची भाकरी खाता, आणि एक शब्द बोलला नाहीत! मी शेतकऱ्याची लेक. मला विचारलं असतंत तर चुलीपाशी बसल्या बसल्या सांगितलं असतं, की पेवाचं बी उगवत नाही म्हणून! गावाला ओरडून सांगायला आवाज आहे, बायकोला सांगायला नाही?”

सटवाजी पारूबाईंकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना गचके बसू लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. हसता हसता खोकले, पाणी प्याले, पुन्हा हसले. “अगं, पण मग अगोदर नाही का सांगायचं?” असं त्यांनी म्हटलं मात्र, आणि परात त्यांच्या दिशेनं आली. मी घरी निघून आलो.

गादीचा समारंभ सेमलगढला झाला. आम्ही देवासची पाच-सहा मंडळी बैलांच्या दमणीतून गेलो होतो. सटवाजींना चांदीचा चोप परत मिळाला होता. नवीन दिवाणांनी त्यांच्या हाती ललकारीचा कागद दिला आणि बजावलं की फक्त नव्या महाराजांचे किताब घ्यायचे, माजी महाराजांचं नाव नको. साहेब बसलेत.

सटवाजी तो कागद घेऊन आबासाहेबांकडे गेले. मी तिथेच होतो. “सरकार, एवढंच सांगितलंय.”

आबासाहेबांनी जरीचा अंगरखा घातला होता आणि तो त्यांना काखेत टोचत होता. खांदे उडवत त्यांनी कागद वाचला, हळूहळू, ओठ हलवत. मग म्हणाले, “दादा, माझ्या दाजींनी सांगितलं त्याहून तुम्ही एक जास्त बोललात. माझ्यापाशी पण एक जास्त बोला.”

दरबार भरला. सटवाजी दारात आले, छाती भरली, आणि कागदावरचं सगळं बोलून झाल्यावर आवाज आणखी एक पट्टी वर चढवून त्यांनी बापूसाहेब महाराजांचं नाव घेतलं. आबासाहेब त्यांचे पुत्र, त्यांचे वंशज म्हणून, चारी किताबांसकट. पटांगणात बसलेली माणसं, काही न ठरवता, उभी राहिली. साहेबानं शेजारच्या दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, ही जुनी रीत आहे. आबासाहेब आपल्या त्या ढेकळांतल्या चालीनं, अजिबात घाई न करता, गादीपर्यंत गेले. पाठ केलेलं भाषण विसरले. मालवीत चार वाक्यं बोलले, त्यांतली दोन बियाण्याबद्दल होती.

त्यानंतर सटवाजी-पारूबाई सेमलगढलाच राहिले. माझी पुढे बदली झाली, लग्न झालं, व्याप वाढले. पत्रं यायची, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली.

शेवटची भेट धारला झाली. बाजाराचा दिवस होता, मी एका परीक्षेच्या कामासाठी आलो होतो. रस्त्याकडेला एक फिरता चष्मेवाला पथारी मांडून बसला होता आणि त्याच्यासमोर एक थकलेला, वाकलेला माणूस एकामागून एक चष्मे डोळ्यांवर चढवत होता. मी हाक मारली. ते वळले, चष्म्यातून मला नखशिखांत न्याहाळलं.

“मास्तर! तुम्ही इतके काळे होतात?”

घसा बसला होता. पण डोळे चमकत होते. मला दंडाला धरून त्यांनी किल्ल्याकडे वळवलं. “जन्मभर मी हा किल्ला बघतोय. मला वाटायचं, नुसता एक लाल डोंगर. अहो, दगड वेगवेगळे दिसतात! आणि ते बघा, ते बघा, बुरजावर कुणीतरी धोतर वाळत घातलंय!”

चिंचेखाली एक दमणी उभी होती. कासरा हातात धरून हाकणाऱ्याच्या जागी आबासाहेब बसले होते, भुईमुगाच्या शेंगा फोडत. मला बघून त्यांनी हात उचलला. मी सटवाजींना म्हटलं, “अहो, सरकार खोळंबलेत.”

“थांबतील,” सटवाजी बारीक आवाजात म्हणाले. “त्यांना कसली घाई नसते.” आणि पुन्हा किल्ला बघू लागले.

मला उशीर होत होता. निरोप घेऊन पुढे गेलो. चौकाच्या वळणावरून मागे पाहिलं तर सटवाजी दमणीपाशी पोचले होते. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, टाचा उंचावल्या आणि तो आबासाहेबांच्या नाकावर चढवून बोटानं बुरूज दाखवू लागले. आबासाहेबांची नजर चांगली तीक्ष्ण होती, त्या भिंगांतून त्यांना सगळं धूसरच दिसत असणार. पण ते तोंडातली शेंग चावायची थांबवून, किल्ल्याकडे बघत, गंभीरपणे मान डोलावत होते.